सिस्टर, पेन्सिलीने काढायला शिकवलंत त्याबद्दल

आदरणीय सिस्टर,
सादर नमस्कार.

कुटुंबसंबंध हा विषय समाजकार्याच्या पेपरात सोपा वाटतो, गृहभेटीत तो किती अवघड आहे ते तुमच्यामुळे कळलं. म्हणून हे जाहीर आभार.

सगळ्यात मोठं ऋण जेनोग्रामचं, म्हणजे घरातली माणसं आणि त्यांची नाती खुणांनी दाखवणाऱ्या चित्राचं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, मुलं वयाप्रमाणे डावीकडून उजवीकडे, निदान तीन पिढ्या. वेगळे राहणाऱ्या जोडप्याच्या रेघेवर एक तिरकी काट, घटस्फोटाला दोन. एवढं पुस्तकातही मिळतं. एका छपराखालच्या माणसांभोवती तुटक रेघ ओढा आणि तिच्यावर तारीख घाला, हा आग्रह मात्र तुमचा. तारवटी नवरा कित्येक महिने बोटीवर असतो. तो घरात कधी होता हे लिहिलंच नाही, तर भांडण त्याच्या येण्याने सुरू झालं की जाण्याने, हे कागदावरून उमगत नाही.

‘लग्न झालंय का?’ एवढंच विचारून भागत नाही, हेही तुम्हीच दाखवलंत. गोव्यात निबंधकापुढे दोन सह्या: पहिली इराद्याची, कायद्याने लग्न दुसरीने. ख्रिस्ती घरांत पहिल्या सहीनंतर दाखला घेऊन चर्चमध्ये लग्न लागतं. त्यामुळे कुठली सही, कधी, हे विचारायचंच. लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मालमत्ता सर्वसाधारणपणे दोघांची सामाईक ठरते. एक-चौदाच्या, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या, उताऱ्यावर एकट्या नवऱ्याचं नाव दिसलं म्हणून ‘बाईच्या नावावर काही नाही’ असं लिहून मोकळं होणं ही आमच्या अहवालांतली नेहमीची चूक, आणि तिचा फटका त्या बाईलाच.

गृहभेटीत प्रार्थना आपणहून सुचवायची नाही, घरच्यांनी म्हटलं तरच.

आणि ‘कुणालाच सांगणार नाही’ हे वचन कधीच द्यायचं नाही. कुमसाराचं, म्हणजे चर्चमधल्या पापकबुलीचं, गुपित पाद्रीचं. समाजकार्यकर्त्याला ती मुभा नाही. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ पोलिसांना कळवायला बांधून घालतं. आधी शब्द देऊन नंतर मोडला, तर मूल पुन्हा तोंड उघडेल याचा भरवसा नाही. तुमचं वाक्य आम्ही जसंच्या तसं वापरतो: ‘तू सांगशील ते जपेन, पण तुला कुणी इजा करत असेल, तर तुला वाचवायला मला दुसऱ्यांची मदत घ्यावी लागेल.’

तुमची जेनोग्रामच्या खुणांची यादी नव्या वर्गाला दिली आहे. सोबत पेन्सिली आणि खोडरबर. दुसऱ्या भेटीत चित्र बदलतंच.

आपले,
समाजकार्य विभागाचे विद्यार्थी, गोवा