सैनिकांनी रॅली काढली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात एकाच पानावर ‘शहरातून दुचाकी रॅली’ आणि ‘शेअर बाजारात रॅली’ असे दोन मथळे वाचले. योगायोग असा की आदल्याच दिवशी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या दहावीतल्या मुलीने ‘द सोल्जर्स रॅलीड’चं भाषांतर ‘सैनिकांनी रॅली काढली’ असं केलं होतं. मी लाल पेन उचललं आणि थांबले. चूक तिची नव्हती. तिच्या कानावर हा शब्द याच अर्थाने पडत आलाय.

मुळात या क्रियापदात चालणं नाही, बांधणं आहे. लॅटिनमध्ये ‘लिगारे’ म्हणजे बांधणे. हाडाला हाड बांधून ठेवणारं लिगामेंट त्यातलंच. त्यावरून फ्रेंचमध्ये जोडणे या अर्थाचं ‘आलिए’ आलं, त्यामागे ‘पुन्हा’ सांगणारा ‘रे’ लागून ‘रालिए’ झालं आणि १६०० च्या सुमारास ते इंग्रजीत शिरलं. अर्थ असा, की पांगलेली फौज पुन्हा निशाणाभोवती गोळा होणं. पानिपतावर विश्वासराव पडले, फौज फुटली आणि पुन्हा सावरली नाही, हे इंग्रजीत सांगायला हेच क्रियापद लागतं. एवढं ऐकून मुलीने आपलं वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘सैनिक पुन्हा एकवटले.’

पडलेला बाजार वर येतो, खालावलेला रुग्ण सावरतो, तिथेही हाच अर्थ. १९११ साली माँटे कार्लोची पहिली मोटार रॅली झाली तीही अशीच, गाड्या युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघून एका ठिकाणी जमल्या. आपल्याकडे जमणं गळून गेलं आणि रस्त्याने जाणं तेवढं उरलं.

परक्या शब्दांशी माझं वैर नाही. ‘मोर्चा’सुद्धा फारसीतून आलेला, तोही रणांगणावरचाच, ‘मोर्चेबांधणी’त तो अर्थ अजून जिवंत आहे. पण मोर्चा म्हटलं की मागण्या दिसतात, मिरवणूक म्हटलं की ढोलताशा ऐकू येतो, प्रभातफेरी म्हटलं की पहाट आणि शाळेची मुलं. ‘रॅली’ वाचून लोक संतापून निघाले होते की आनंदाने, हेच कळत नाही. बातमीत तेच तर कळायला हवं.

बाजाराच्या बातमीतली रॅली राहू द्या, ती बरोबर आहे. दुचाकींची मात्र ‘फेरी’ लिहा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, कराड