बातमी आणि कथा

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने लिहिलंय की आजकालच्या कथांना ना धड सुरुवात ना शेवट, नुसते संप, मोर्चे, जात असले विषय, मग ही बातमीच झाली, यात कला कुठाय. वाचून हसू आलं, कारण कलेसाठी कला की जीवनासाठी कला हे भांडण फडके-खांडेकरांच्या काळात आपल्या आजोबांनी पण पोटभर केलंय आणि निकाल अजून लागलेला नाही.

माझ्या आईला आता नीट दिसत नाही म्हणून जेवणं झाली की मी तिला वाचून दाखवतो. परवा व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं'मधला 'धर्मा रामोशी' काढला, पुस्तक १९४९ चं. प्लॉट म्हणावा असा त्यात काहीच नाही, म्हाताऱ्या धर्माला मिळालेलं धोतर पुढे लेकीच्या अंगावर दिसतं, बास. आई म्हणाली, "आज पुढं नको वाचूस." ही कथा की व्यक्तिचित्र ते प्राध्यापक लोकांनी ठरवावं, आमच्या घरात त्या रात्री टीव्ही लागला नाही.

आता बातमीचं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, पेपरांत रकानेच्या रकाने भरून आलं. माझा चुलता तेव्हा लालबागला खानावळीत जेवायचा, संप चिघळल्यावर गावी आला तो कायमचाच, आणि कितीतरी महिने भोंग्याच्या टायमाला उठून अंधारात ओट्यावर बसायचा. हे कुठल्या बातमीत येणार? जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या संग्रहातल्या कथा वाचताना मला तो ओटा दिसला. त्या संग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी मिळाला म्हणून नाही सांगत, नसता मिळाला तरी दिसलाच असता.

हां, पण त्या वाचकाचं एक मान्य, काही लोक मुद्दाम अवघड लिहितात. आमच्या तालुक्याच्या कथास्पर्धेत एका पोराने पाच मिनिटं कथा वाचली आणि पंधरा मिनिटं तिचा अर्थ सांगितला, परीक्षक मान डोलावत होते, मी चहाला बाहेर आलो.

जाता जाता तुमच्याकडे पण तक्रार आहे. पूर्वी पुरवणीत अख्खं पान कथा यायची, आता सहाशे शब्दांत गुंडाळा म्हणता आणि निम्म्या जागेत राशिभविष्य. महिन्यातून एकदा तरी ते पान परत द्या, आईला वाचून दाखवायला घरातलं सगळं संपत आलंय.

एक वाचक, सातारा