बाबा, डोळा बरा झाला की इकडे या

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, पण आता या वयात काय बघायचं राहिलंय, पेपर वाचता आला म्हणजे झालं. तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते, मागे लोक होते, म्हणून नुसतं हो हो केलं, पण ते वाक्य डोक्यातनं जाईना. फोनवर तुम्ही दोघं पाच मिनिटांत "बरं ठेवतो, काळजी घे" म्हणता आणि माझं सांगायचं राहूनच जातं, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. बाबा बघायला खूप काही आहे हो.

तुम्हाला आठवतं का, मी तिसरीत की चौथीत असेन, हरिपूरला संगमावर घेऊन गेला होतात आणि घाटाच्या पायरीवर बसून म्हणालात तो बघ खंड्या, हलू नकोस. मी हलले आणि तो उडाला, आणि उडताना पाठीचा निळा रंग असा काही चमकला की मी दिवसभर तेच बोलत होते. ते मी विसरून गेले होते, इथे गोव्यात शिवोलीला राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात बाल्कनीसमोरच्या विजेच्या तारेवर तोच येऊन बसला आणि सगळं परत आलं. इथे तो रोज असतो. घराच्या मागे भातशेती, तिच्यापुढे खाजन, म्हणजे नदीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली सखल जमीन, आणि बांधाला मानस असते, भरतीच्या जोराने बंद होणारी आणि सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडणारी लाकडी दारं. सुकती लागली की आतलं पाणी धो धो बाहेर पडतं, त्याबरोबर मासळी येते आणि मग तिथे बगळे, वंचक, पाणकावळे आणि खंड्या सगळ्यांची गर्दी. एकदा तर एकाच बांधावर तीन जातींचे खंड्या बघितले, आपला नेहमीचा पांढऱ्या छातीचा, तो चिमुकला बंड्या, आणि एक केवढ्या तरी मोठ्या लाल चोचीचा. मी ऑफिसला अर्धा तास उशिरा पोचले त्या दिवशी.

आणि ऐका, मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळा रंग हळूहळू अडतो, इतका हळू की माणसाला कळतही नाही. ऑपरेशननंतर बऱ्याच लोकांना निळं एकदम लख्ख दिसायला लागतं. म्हणजे तुम्ही गेली किती वर्षं खंड्या नीट बघितलेलाच नाही! तुम्हाला तो आता हरिपूरला दिसला होता तसा दिसेल, मला हेच सांगायचं होतं खरं तर, बाकी सगळं ओघात आलं.

आई, तुझ्यासाठी शिंजिराची, म्हणजे त्या फुलातला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याची, गोष्ट. फेब्रुवारीत बाल्कनीतल्या कपड्यांच्या तारेला एक शिंजिराची मादी सारखी काहीतरी चिकटवत होती, मला वाटलं कचरा अडकलाय, काढून टाकणार होते. बघते तर कोळ्याचं जाळं आणून त्याने गवताच्या काड्या, सालीचे तुकडे जोडत होती, आणि घरटं दिसायला मुद्दाम असं गबाळं की कुणालाही केरच वाटावा. सगळं बांधकाम एकटीने. नर यायचा, झगमगीत, शेजारी बसून ओरडायचा आणि जायचा, पण पिल्लं बाहेर आल्यावर मात्र भरवायला तोही लागला. दोन आठवडे ती अंड्यांवर बसली होती, नुसती चोच बाहेर दिसायची. महिनाभर मी त्या तारेवर एक कपडा वाळत घातला नाही, सगळं आत खुर्च्यांवर. घरमालकीण काकू आधी म्हणाल्या काढून टाक घाण होईल, मग त्याच रोज संध्याकाळी जिना चढून यायला लागल्या, "पिलां खंय पावलीं गो", पिल्लं कुठवर आली गं, असं विचारत. दोन पिल्लं उडाली. तू असतीस तर किती रमली असतीस. कावळ्याचा घास ठेवल्याशिवाय तू कधी जेवली नाहीस, मला तर वाटतं ही आवड मला बाबांपेक्षा तुझ्याकडूनच आलीय.

पण टिटवीचं एक सांगायचंय, रागावू नकोस. रात्री टिटवी ओरडली की तू देवापुढे दिवा लावायचीस, काहीतरी वाईट होणार म्हणून. आई ती बिचारी जमिनीवर उघड्यावर अंडी घालते, घरटं असं काही नाही, चार खडे गोळा केलेले, अंडी पण खड्यांसारखीच ठिपक्यांची. कुत्रं, मुंगूस, माणूस, कोण जवळ आलं की ती जिवाच्या आकांताने ओरडते. मी मागच्या शेतात स्वतः बघितलं, गुरं चारणारा मुलगा गेला तर डोक्यावर घिरट्या घालून नुसता आकांत. तेव्हापासून रात्री तिचा आवाज आला की मला भीती नाही वाटत, अंडी नीट असू देत असं वाटतं.

आता समुद्राचं. शापोरा नदी मोरजीला समुद्राला मिळते, तिथे मुखाशी रेतीचा पट्टा आहे, हिवाळ्यात रविवारी सकाळी मी तिथेच असते. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघावं लागतं कारण ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, सुकतीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खायला पसरतात, भरती आली की सगळे रेतीवर एकत्र येऊन बसतात, तेव्हा बघायला सोपं. कुरव असतात, सीगल म्हणतात सगळे ते, आणि त्यांच्यात सुरय, अंगाने बारीक, शेपटीला खाच. सुरुवातीला मला सगळे सारखेच दिसायचे. मग कळलं सुरय वरून पाण्यात सूर मारतो, आणि कुरव आरामात पाण्यावर बसून तरंगतो. त्यातले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंचावरच्या तळ्यांवर अंडी घालतात आणि हिवाळ्याला आपल्याकडे येतात. गंमत अशी की इथे असतात तेव्हा डोकं पांढरंच असतं, कानापाशी नुसता एक काळसर डाग, आणि परत जायच्या आधी मार्चच्या सुमारास हळूहळू डोक्यावर तपकिरी रंग चढायला लागतो. मी दर रविवारी बघत होते, एकेकाचं डोकं रंगत चाललेलं, आणि मग एका रविवारी थवा निम्माच राहिला होता.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. लोक त्या थव्यात मुद्दाम धावत जातात, सगळे एकदम उडाले की व्हिडिओ छान येतो म्हणून, कुत्री सोडतात त्यांच्यावर. इतक्या लांबून आलेला जीव खाऊन पिऊन चरबी साठवतोय परत जायच्या प्रवासासाठी, त्याला दिवसात दहादा उगाच उडवलं तर ती ताकद तिथेच संपते. मी जाऊन सांगते, बहुतेक लोक ऐकतात, त्यांना माहीतच नसतं हे. लहान मुलांना दुर्बिण देते बघायला, मग ती धावत नाहीत, रांग लावतात.

येताना शापोरा जेटीवर थांबते. बोटी आल्या की ब्राह्मणी घारी नुसत्या घिरट्या घालत असतात, पांढरं डोकं आणि छाती, बाकी अंग विटकरी, उन्हात काय दिसतात. समुद्री गरुडाची जोडी पण आहे त्या बाजूला, एका उंच झाडावर काटक्यांचा ढीगच्या ढीग, दर वर्षी त्याच घरट्याची डागडुजी करतात.

दुर्बिण ८ बाय ४२ ची घेतलीय, म्हणजे आठपट जवळ दिसतं आणि पुढची काच ४२ मिलिमीटरची. बाबा तुमच्या दोन डोळ्यांत आता फरक असणार, एकाचंच ऑपरेशन झालंय, पण काळजी नको, उजव्या बाजूला एक छोटी चकती असते ती फिरवून तो फरक जुळवता येतो. आधी डावा डोळा मधल्या चाकाने, मग उजवा त्या चकतीने. चष्मा लावून बघायचं असेल तर डोळ्यापाशी रबराच्या कडा असतात त्या आत फिरवायच्या. मी करून देईन.

तोवर घरीच एक काम करा. रोज सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीवर पंधरा मिनिटं बसायचं आणि जे दिसेल ते जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायचं, साळुंक्या किती, बुलबुल किती, वेडे राघू तारेवर किती. नाव येत नसेल तर रंग लिहा, आवाज लिहा, मी ओळखते. फेब्रुवारीत जगभर लोक चार दिवस अशी मोजणी करतात, घरबसल्या निदान पंधरा मिनिटं, आणि मोबाईलवर ती यादी पाठवतात. सांगलीतून आपल्या गच्चीची यादी गेली पाहिजे, मी अ‍ॅप घालून देईन, टाईप आई करेल, तिचं मराठी कीबोर्ड तुमच्यापेक्षा फास्ट आहे. थवा मोठा असेल तर एकेक मोजत बसू नका, दहाचा घोळका किती होतो तो डोळ्यांनी धरायचा आणि असे किती घोळके ते मोजायचे.

आई, मातीच्या थाळीत पाणी ठेव, फार खोल नको, दोन बोटं पुरे, आणि रोज बदल, नाहीतर डास होतात.

डॉक्टरांना विचारा प्रवास कधी चालेल. ते हो म्हणाले की मिरजेहून गोवा एक्सप्रेस धरा, मडगावला मी गाडी घेऊन येते. डिसेंबरात आलात तर पाऊस नाही, उकाडा नाही, चोडणला सलीम अली अभयारण्यात खारफुटीतून होडीने फिरू, आईला पायऱ्या चढायला नकोत तिथे, बसल्या बसल्या बघायचं. करमळीच्या तळ्यावर अडई बदकं असतात, शिट्टी वाजवल्यासारखी ओरडतात, तिथे तर गाडीतूनच दिसतं. बाकीचे दिवस नुसतं बाल्कनीत. खुर्च्या तीन आहेत, एक आजच आणली, हाताची, बाबांना उठायला सोपी जावी म्हणून.

डोळ्यात थेंब वेळेवर घाला. यादीचा फोटो पाठवा.

तुमची,
मनू