ती ‘पब संस्कृती’ वेगळी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरात कुठे रात्री पोलिसांची धाड पडली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘पब संस्कृती’ हा शब्द ठरलेला. आपल्याही अंकात तो परवा होताच. नोकरीपायी मी इंग्लंडच्या मिडलंड्स भागात बरीच वर्षं काढली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जो पब होता, तिथे ना डीजे होता ना नाचायला जागा. पब म्हणजे ‘पब्लिक हाउस’. आपल्याकडे पारावर जे चालायचं तेच तिथे चालायचं, फक्त डोक्यावर छप्पर, कारण बाहेर पाऊस.

दार ढकललं की ओलसर गालिचाचा वास यायचा. भिंतीवर डार्टचा बोर्ड, शेजारी गुण मांडायला पाटी आणि खडूचा तुकडा. पहिल्याच दिवशी पैसे द्यायला मी आपल्या सवयीने ‘मी देतो, मी देतो’ सुरू केलं, तर शेजारचे आजोबा म्हणाले, “बस खाली, तुझी पाळी येईल.” तिथे राउंडची पद्धत. एकाने सगळ्यांचं आणायचं, मग दुसऱ्याने. पाळी चुकवणाऱ्याला तोंडावर कुणी काही बोलत नाही, पण विसरतही नाही. वेफर्सचं पाकीट वरून फोडायचं नाही, बाजूने उसवून टेबलाच्या मधोमध पसरायचं, म्हणजे सगळ्यांचा हात पोचतो. मी बहुतेकदा संत्र्याचा रसच घ्यायचो. एका पिंटवर, म्हणजे ५६८ मिलीवर, दोन तास बसणारे तिथे होते, मग माझ्या रसाचं कुणाला काय!

हे घर पहिल्यापासून सगळ्यांना उघडं होतं, असं मात्र नाही. मिडलंड्समधल्याच स्मेथविकसारख्या गावांत ओतशाळांमध्ये राबणाऱ्या आपल्या लोकांना काही पब आतच घेत नसत, काही ठिकाणी बसायची खोली वेगळी. १९६५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स तिथे आले, तेव्हा त्यांनाही हा अनुभव आला. त्याच वर्षी अशा भेदभावाविरुद्ध कायदा झाला. पुढे त्याच भागात डबघाईला आलेले पब पंजाबी मंडळींनी चालवायला घेतले आणि बिअरसोबत तंदुरीवरचा मिक्स्ड ग्रिल सुरू केला. त्यांना आता ‘देसी पब’ म्हणतात. तिथे गोरे म्हातारे आणि सरदारजी एकाच टेबलावर फुटबॉल बघताना मी पाहिलेत.

आमचा पब काही तेवढा नशीबवान नव्हता. सुपरमार्केटमधली बिअर स्वस्त, २००७ पासून आत सिगारेट बंद. पण मला विचाराल तर खरा घाव जागेच्या भावाचा. पूर्वी पुष्कळ पब ब्रुअरींच्या, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्याच मालकीचे असत; १९८९ च्या सरकारी आदेशामुळे बड्या ब्रुअरींना त्यातले हजारो पब सोडावे लागले. हेतू स्पर्धा वाढवण्याचा होता, पण त्यातले पुष्कळ पब मोठ्या मालक-कंपन्यांच्या हाती गेले. आमच्या मालकांनी भाडं वाढवत नेलं, चालवणारी बाई थकली, आणि आता तिथे फ्लॅट आहेत. लंडनच्या कार्लटन टॅव्हर्नचं वेगळं झालं. २०१५ मध्ये परवानगीविना तो पाडला, तर स्थानिकांनी असा पिच्छा पुरवला की विकासकाला होता तसा पुन्हा बांधावा लागला. २०२१ मध्ये तो उघडला. आमच्या गल्लीत तेवढी चिकाटी कुणाकडे नव्हती. मीही त्यातलाच, मी तर सामान बांधून परतलो होतो.

जुन्या शेजाऱ्याने पाडकामाचा एक फोटो पाठवला होता. राडारोड्याच्या ढिगावर डार्टची पाटी उताणी पडलेली, तिच्यावर कुणाचा तरी अर्धवट डाव खडूने तसाच.

तेव्हा संपादकसाहेब, धाडीच्या बातमीत यापुढे ‘नाइटक्लब’ असं लिहाल का? शब्द तसा जुनाच आहे.

आपला,
एक नियमित वाचक