साफसफाईचं सामान : रविवारी सकाळी

भगिनींनो, दसऱ्याची साफसफाई सगळ्यांकडे निघालीच असेल. नको असलेले कपडे, भांडी रविवारी दहापर्यंत मंडळाच्या खोलीवर आणून द्या. कपडे धुतलेले हवेत. फाटकी चादर देऊन पुण्य लागत नाही. पितळेचे डबे, घंगाळ मोडीत काढण्याआधी लेकीसुनांना एकदा विचारा.

कागद मात्र घाईनं रद्दीत घालू नका. १९५६ पर्यंत आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळचे शेताचे उतारे, खरेदीखतं, शाळेचे दाखले मराठीत, काही तर मोडी लिपीत असतात आणि वाटणीच्या वेळी नेमके तेच शोधावे लागतात. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेला कागदही उलटून बघा. वाचता आला नाही तर सोबत घेऊन या, ग्रुपवर फोटो टाकू नका.

शहापूर, वडगावकडच्यांनी जड सामान असल्यास शुक्रवारपर्यंत कळवा, रिक्षा पाठवू.