तिकिटं काढली आहेत

सुभाषनगर, नागपूर

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

फोनवर तुमच्या नागपूरला येण्याचा विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि आई ‘ओवीला दे फोन’ म्हणते. म्हणून लिहूनच पाठवतेय. तिकिटं काढली आहेत. संक्रांत कराडला करा, तिळगूळ ज्याच्या त्याच्या घरी पोचवा आणि त्यानंतरच्या शनिवारी महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघा. एसीचा डबा आहे, दोन्ही बर्थ खालचे मिळालेत.

बाबा, तुम्ही वंदे भारतच्या कात्रणाचा फोटो पाठवला होता तो मी वाचला. पुण्याहून अजनीला बारा तासांत आणते, खरं आहे. पण त्या गाडीत नुसत्या खुर्च्या. बारा तास गुडघे दुमडून बसायचं, त्याआधी कराड ते पुणे वेगळं, सामानाची चढउतार वेगळी. आपल्या गाडीला एक रात्र आणि वर जवळजवळ अख्खा दिवस लागतो, तर लागू दे. कराडला चढायचं आणि थेट नागपूरला उतरायचं, मधे पाय पसरून झोपायचं. पुण्याला दादा दूध घेऊन स्टेशनवर येणार आहे. जेवणासाठी त्याची वाट पाहू नका, पुणं यायला उशीर होतो. आईच्या दशम्या वेळेत खा आणि गोळ्या घ्या.

आता मुद्द्याचं. मुलीच्या घरी चार दिवसांच्या वर राहायचं नाही, हा बाबांचा नियम मला पाठ आहे. आजोबा आत्याकडे ओसरीवर पाणी पिऊन कसे परत फिरायचे, ते ऐकतच मी मोठी झाले. पण त्या गोष्टीत घर आत्याच्या सासऱ्यांचं होतं. हे तसं नाही. मंदारचे आई-बाबा नाशिकला असतात, आणि इथल्या खरेदीखतावर पहिलं नाव माझं आहे. बँकेच्या परीक्षेच्या क्लासचे पैसे आईच्या भिशीतून गेले होते, हे बाबांना तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे. त्या हिशेबाने तुम्ही इथे पाहुणे होऊच शकत नाही. परतीचं तिकीट होळीच्या जरा आधीचं काढलं आहे. त्यापुढे ऊन चढायला लागतं, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा तुम्हाला इथे ठेवायची माझीच हिंमत नाही.

तुमची खोली पूर्वेकडची. सकाळी ऊन थेट पलंगावर येतं. संडास कमोडचा आहे, भिंतीला धरायला दांडी बसवून घेतली आहे. न्हाणीघरात स्टूल ठेवलंय, फरशीवर घसरत नाही ना हे मंदारने स्वतः वर बसून बघितलं आहे. लिफ्ट वीज गेली तरी चालते. आई, देवघर लहान आहे पण तुझा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा मावतील एवढी जागा मोकळी ठेवली आहे. ज्वारीचं पीठ इथे चांगलं मिळतं, तवा मात्र मी आणलेला तुला पसंत पडणार नाही, तेव्हा तो प्रश्न तू आल्यावर. पाणी कुठलं, हे बाबा विचारणारच: पेंचच्या धरणाचं आणि कन्हान नदीचं. तरी पहिले आठ दिवस उकळूनच द्यायचं ठरवलं आहे.

आणि पुराची काळजी नको. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओसंडला तेव्हा टीव्हीवर बघून तुम्ही रात्रभर जागे होतात, ते मी विसरले नाहीये. आपलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. शिवाय कृष्णेचं पाणी घाट चढून आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांनी तलावाला किती घाबरायचं?

डिसेंबरात बोलावलं नाही त्याला कारण आहे. हिवाळी अधिवेशन असलं की शहराची तऱ्हाच बदलते. मोर्चे, बंद रस्ते, मंत्र्यांच्या गाड्या. १९५३ च्या नागपूर करारापायी दर हिवाळ्यात हे सगळं मुंबईहून इथे येतं, हे बाबांनी ओवीला सांगायचं आहे. मी सांगितलं तर ती ऐकत नाही. जानेवारीत शहर पुन्हा आमचं असतं.

फिरण्याचा कार्यक्रम मी केला आहे आणि तो ढिला केला आहे. एका दिवशी एकच ठिकाण, दुपारी घरी येऊन झोप. महाबळेश्वरसारखं होऊ देणार नाही.

पहिलं झिरो माइल. बाबा, चाळीस वर्षं फळ्यावर भारताचा नकाशा एका रेषेत काढलात, हा खांब न बघता कसं चालेल? वाळूच्या दगडाचा आहे, शेजारी उधळलेले चार घोडे. १९०७ सालचा, ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा. हैदराबाद, चांदा, जबलपूर किती मैल, ते दगडात कोरलंय. इथे रिक्षावाल्यापासून सगळे सांगतात की हा भारताचा मध्यबिंदू. तुम्ही तिथे उभं राहून हुज्जत घालणार हे मला दिसतंय. घाला, पण रिक्षातून उतरल्यावर.

खरं तर रिक्षा लागणारच नाही. घराजवळून मेट्रो आहे, सीताबर्डीला बदलायची, पुढचंच स्टेशन झिरो माइल. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. आई, तू विमानाला घाबरतेस तशी हिला घाबरू नकोस, सुभाषनगर सोडलं की खिडकीतून अंबाझरीचं पाणी दिसतं आणि तेवढ्यात धरमपेठ येतं. बाबांना मी गड्डीगोदामपर्यंत नेणार आहे. तिथे खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यांच्या वर मेट्रो. पूल बघायला थांबणारे या घरात तुम्ही एकटेच आहात, आणि आता ओवी.

२६ जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतात, एरवी तो लष्कराकडे असतो. १८१७ ची आप्पासाहेब भोसल्यांची लढाई तिथलीच. चढ आहे आणि गर्दी असते, म्हणून आई आणि मी टेकडीच्या गणपतीला बसू, तुम्ही मंदारबरोबर वर जा. काठी घेऊन. काठी घेतल्याने कोणी म्हातारं होत नाही.

दीक्षाभूमीला मात्र आपण सगळे जाऊ, आणि गर्दी नसेल अशा दिवशी सकाळी. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि जानेवारीत फरशी गार पडलेली असते, तेव्हा जाड मोजे आणा. आतून स्तूप पोकळ आहे, भला मोठा घुमट, आणि खाली बसलेली माणसं आपोआप हळू बोलतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला तुमची ७ नोव्हेंबरची सहल आठवली. दर वर्षी सातवीच्या पोरांना एसटीत कोंबून साताऱ्याला न्यायचात, आणि त्या शाळेच्या दारात उभं करून सांगायचात की १९०० साली याच तारखेला भीमराव इथे पहिलीत आले. इंग्रजी पहिलीत, हे तुम्ही दर वेळी दुरुस्त करून सांगायचात. त्या दारापासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या या मैदानापर्यंतचं अंतर मैलांत मोजायचं नसतं, हे मला इथे येऊन कळलं. तुम्ही तिथे काय बोलता ते मला ऐकायचं आहे.

साताऱ्याचं नाव निघालंच आहे तर सांगून टाकते. दिवाळीनंतर मला साताऱ्याची बदली मिळत होती. मी नको म्हणून कळवलं आहे.

आई, लगेच चष्मा काढून डोळे पुसू नकोस, पुढचं वाच. मंदारचं काम मिहानमध्ये आहे, ते साताऱ्यात होत नाही. ओवी तिसरीत आहे आणि तिला इथे मैत्रिणी मिळाल्यात. कर्जाचे हप्ते चालू असताना इथलं घर भाड्याने द्यायचं आणि तिकडे दुसरं भाडं भरायचं, हे गणित बाबांनीच चुकीचं ठरवलं असतं. आणि हे सगळं जमलं असतं तरी मी बहुधा राहिलेच असते. मला इथे आवडतं. रस्ते रुंद आहेत, झाडं आहेत, माणसं मोठ्याने बोलतात आणि लगेच घरात घेतात. कराडला मी सरांची मुलगी, आणि त्याचा मला अभिमानच आहे. पण इथे काउंटरपलीकडची बाई माझ्याकडे माझं नाव घेऊन येते. हे तुम्हाला लागेल असं वाटलं म्हणून इतके दिवस फोनवर बोलले नाही. साताऱ्याहून तासाभरात घरी येता आलं असतं, हे मलाही कळतं. रात्री फोन आला तर सकाळच्या विमानाने पुणं आणि दुपारी ओगलेवाडी, हा हिशेब मी करून ठेवला आहे. फक्त फोन यायला हवा. आई अंगणात पडली तेव्हा मला दोन दिवसांनी, तेही शेजारच्या वहिनींकडून कळलं. ते पुन्हा चालणार नाही.

मी सहलीला निघाले की बाबा आदल्या रात्री नकाशावर लाल पेन्सिलने रस्ता आखून द्यायचे आणि वाटेतल्या नद्या पाठ करून घ्यायचे. आई मागे बसून वेणी घालायची, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे, आणि मधेच विचारायची, भीमेनंतर कोण? परवा ओवीने तुमच्यासाठी तसाच कागद केला आहे. नीरा, भीमा, गोदावरी, वर्धा. गोदावरी अंधारात जाईल, म्हणून तिथे तिने झोपलेले आजोबा काढलेत, पोटावर वर्तमानपत्र ठेवलेले. कागद पोस्टाने वेगळा येतोय. गाडीत जवळ ठेवा, ती स्टेशनवर तपासणार आहे.

आई, तुझ्यासाठी एक दिवस राखून ठेवला आहे, तो सेवाग्रामचा. तुझ्या अण्णांचं सेवाग्राम बघायचं राहून गेलं. गाडी करून जाऊ, दोन तासांच्या आत पोचतो. बापूकुटी मातीची आहे, सारवलेली, बसकी. मीराबेनने भिंतीवर मातीतच ताडाची झाडं आणि चरखा उठवून काढलाय. वाकून बघितलं की बोटांचा दाब जाणवतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अण्णांची माळ्यावरची ती पेटी आठवली. आतलं जे आहे ते आणायचं की नाही, तुझं तू ठरव. आणलंस तर कपड्यांत गुंडाळ, हातात धरून बसू नकोस. आणि गाडी वर्ध्याला थांबते म्हणून तिथेच उतरू या, असं बाबा म्हणतील. उतरायचं नाही.

रामटेकचं तिथल्या तिथे ठरवू. गाडीरस्ता वरपर्यंत आहे, पण पायऱ्या आहेतच. गुडघे काय म्हणतात ते बघून.

खाण्याचं सांगते. तर्री पोहे मिळतील, बाबांना तर्री वेगळ्या वाटीत आणि अर्धी. सावजी नाही. ‘आम्ही कोल्हापूरच्या वाटेवरची माणसं, आम्हाला काय तिखट सांगता’ हे मंदारसमोर म्हणून झालंय, पण तो रस्सा वेगळाच मामला आहे आणि तुमची ॲसिडिटी मला माहीत आहे. आईसाठी पाटवडी रस्सा मी घरी करते, सौम्य. संत्री हवी तेवढी. संत्रा बर्फी बाबांना एक तुकडा, तोही साखर तपासल्यावर. तपासायचं मशीन घरात आहे.

थंडी कराडपेक्षा जास्त असते, रात्री पारा दहाच्या खाली जातो. कानटोपी, आईची जांभळी शाल, बाबांचा अर्ध्या बाह्यांचा नव्हे, पूर्ण बाह्यांचा स्वेटर. तांदूळ, डाळी, पोहे काहीही आणायचं नाही, इथे दुकानं आहेत. कांदा-लसूण मसाला मात्र आण आई, दोन किलोची बरणी भरून, आणि शेजारच्या काकूंसाठी कंदी पेढे. त्या रोज जिन्यात विचारतात, ‘आईबाबा कधी येऊन राहिले?’ रथसप्तमीच्या आत तू इथे असशील, तेव्हा या घरातलं हळदीकुंकू तुझ्या हातून व्हावं असं मनात आहे. वाण काय लुटायचं ते कळव, मी आधी आणून ठेवते.

निघण्यापूर्वी बाबांनी डॉक्टरांकडे जाऊन यायचं. ‘ठीक आहे’ एवढं मला नकोय, रिपोर्टचा फोटो हवाय. गोळ्या दोन महिन्यांच्या घ्या, पिशवीत नको, आईच्या पर्समध्ये. गॅस सिलिंडर बंद, नळाची मुख्य चावी बंद, किल्ली वहिनींकडे. तुळशीला त्या पाणी घालतील, मी बोलले आहे.

साताऱ्याबद्दल जे म्हणायचंय ते इथे येऊन म्हणा. दोघांनीही. मी ऐकेन, बदलणार नाही, पण ऐकेन.

तुमची,
पिंकी

ता. क. बाबा, दशम्यांबरोबर ठेचा नको. आई नको म्हणाली तरी तुम्ही डब्यात ठेवता, दादाने सांगितलंय.