गणपतीआधी दुकान भरायचे आहे : चिपळूणच्या वाचकांना आणि चाकरमान्यांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

बाजारपेठेतले आपल्या मंडळाचे पुस्तकांचे दुकान आपण सगळे ओळखता, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. येत्या २२ जुलैला २०२१ च्या महापुराला पाच वर्षे होतील. त्या चिखलातून दुकान उभे राहिले ते तुमच्या बळावर, आणि आज पुन्हा तुमच्याकडेच यावे लागत आहे. या वेळचे कारण वेगळे आहे. पुस्तकांना गिऱ्हाईक आहे आणि चांगले आहे, पण ते दारात येते तेव्हा त्याच्या हातात ठेवायला पुस्तक शिल्लक नसते. माल भरायला रोकड नाही. यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. त्याआधी दुकान भरले नाही, तर वर्षाचा मुख्य हंगाम हातचा जाईल.

"मराठी पुस्तके हल्ली घेतो कोण?" असे आम्हाला लग्नात, बारशात, एसटीच्या रांगेत, सगळीकडे ऐकावे लागते. असे म्हणणाऱ्यांनी एकदा दुकानात येऊन आमची विक्रीची वही पाहावी.

श्रावण लागायच्या आधीच जिवतीच्या कागदाची मागणी सुरू होते. पोफळी-अलोऱ्याकडच्या बायका बाजाराला आल्या की आपल्याबरोबर शेजारणींचेही कागद नेतात. नरसिंह, कालियावरचा कृष्ण, जिवती आणि तिच्याजवळची बाळे, खाली बुध-बृहस्पती, ही सगळी चित्रे स्वच्छ उठली आहेत ना, हे उजेडात धरून पाहिल्याशिवाय एकही बाई कागद घेत नाही. त्यात सुटतात दोन-चार रुपये, पण तीच बाई नातवासाठी गोष्टीचे पुस्तकही उचलते. गणपतीत आरतीसंग्रह जातो. ज्येष्ठांना मोठ्या टाइपातला लागतो आणि तोच नेमका लवकर संपतो. मार्गशीर्षात गुरुवारच्या महालक्ष्मी व्रताची पुस्तिका, दत्तजयंतीला गुरुचरित्र. यंदा ज्येष्ठ अधिक आला, तर अधिक मास माहात्म्याची पोथी महिनाभर लोक मागत होते. आमच्याकडची सुरुवातीलाच संपली आणि पुढे "नाही हो" म्हणत राहावे लागले. काही साहित्यप्रेमी मंडळींना पोथ्या-पुस्तिका विकणे कमीपणाचे वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. कवितासंग्रहांचे भाडे या पोथ्याच भरतात.

सर्वांत वेगाने जातात ती मुलांची पुस्तके. पालक स्वतः वाचत नसले तरी मुलाने मराठी वाचावे असे त्यांना मनापासून वाटते. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर जास्तच वाटते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही स्वतःच्या पायांवर चालतो, त्याची शिफारस करावी लागत नाही. लहानांना रंगीत, मोठ्या चित्रांची, पानावर दोन ओळींची पुस्तके हवी असतात. ती छापायला महाग, म्हणून प्रकाशक उधारीवर द्यायला कचरतात.

'श्यामची आई' तर बारमाही. साने गुरुजी आपल्या शेजारच्या दापोली तालुक्यातल्या पालगडचे, तेव्हा हे पुस्तक आपल्याकडे घरचेच. गुरुजी १९५० साली गेले, साठ वर्षांनी लेखनहक्काची मुदत संपली आणि २०११ पासून कोणीही ते छापू शकतो. त्यामुळे बाजारात स्वस्तातल्या आवृत्त्या पुष्कळ आहेत, पण काहींत शुद्धलेखनाची दशा बघवत नाही. मुलाच्या हाती पडणारे पुस्तक शुद्ध असावे म्हणून आम्ही थोडी महाग पण चांगली प्रत ठेवतो, आणि लोक फरक सांगितला की तीच नेतात.

तरुण वाचत नाहीत ही तक्रारही खरी नाही. 'तुंबाड' चित्रपट २०१८ मध्ये आला आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लागला, तेव्हा कॉलेजची मुले "तुंबाडचे पुस्तक आहे का?" विचारत आली. चित्रपटाने नाव घेतले ते श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, गोष्ट निराळी. आम्ही हे सांगून टाकतो. तरीही त्यातल्या काहींनी ती दोन खंडांची कादंबरी नेली, कारण जगबुडीकाठचे तुंबाड खेड तालुक्यातच आहे आणि त्यांच्यातल्या एकाचे आजोळ तिकडचे निघाले. नारायण धारपांच्या भयकथा मागायला येणारे बहुतेक पंचविशीच्या आतले आहेत. मे महिन्यात आलेले चाकरमानी पेंडसे मागतात, 'गारंबीचा बापू' हटकून मागतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' चित्रपट आला आणि शिवाजी सावंतांची १९७९ ची कादंबरी लोक रांगेत उभे राहून मागू लागले. आमच्याकडे होत्या त्या प्रती लगेच संपल्या. वितरकाने पुढचा लॉट रोखीनेच मिळेल असे सांगितले. पैसे जमवेपर्यंत निम्मे गिऱ्हाईक मोबाइलवरून मागवून मोकळे झाले होते. त्या महिन्याची आठवण अजून टोचते, आणि हे आवाहन लिहिण्यामागे तीच आहे.

स्पर्धा परीक्षांची पुस्तके, पोलीस भरती आणि तलाठ्याची विशेष करून, जाहिरात निघाली की झपाट्याने जातात, पण नवी आवृत्ती आली की जुनी रद्दीच्या भावाची. त्यामुळे ती नेमकी आणि वेळेवर उचलावी लागतात. दिवाळी अंकांचेही तसेच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही मराठी घराची हौस. आपल्याकडे ती आजही आहे, पण तुळशीचे लग्न लागले की पूर्ण किमतीला अंक कोणी घेत नाही. आगाऊ पैसे भरणाऱ्या दुकानांचे गठ्ठे आधी निघतात, आमचा मागून येतो.

हे सगळे असताना हातात पैसा का नाही, असे कोणी विचारले तर ते रास्त आहे. पुस्तकामागे साधारण तीस-पस्तीस टक्के कमिशन मिळते. त्यातून भाडे, वीज, दुकानात बसणाऱ्या ताईंचा पगार, पार्सलचे भाडे. २०२१ च्या पुरात जो माल गेला त्यातला बराचसा उधारीवर आणलेला होता. भिजलेले पुस्तक परत कोण घेणार? पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा पुस्तके फुगून रॅकमध्ये इतकी घट्ट बसली होती की पहारीने उचकटावी लागली. काही प्रकाशकांनी देणे माफ केले, त्यांचे उपकार विसरता येणार नाहीत. उरलेल्यांचे पैसे आम्ही हप्त्याहप्त्याने फेडले. शेवटचा हप्ता या मार्चमध्ये गेला. मंडळाने कोणाचा एक रुपया बुडवलेला नाही, हे आज ताठ मानेने सांगता येते. पण त्या फेडीत खेळते भांडवल संपले.

त्या वेळी ज्यांनी हात दिला त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. चिखल उपसायला आलेली कॉलेजची मुले आज कोणी पुण्यात, कोणी आखातात आहेत. आईवडिलांनी हे त्यांना जरूर पाठवावे. पागेतल्या आपल्या सुतारदादांनी नवे रॅक करून दिले, लाकडाचे तेवढे पैसे घेतले आणि मजुरीचा विषय निघाला की उठून जात. मार्कंडीच्या बाईंनी, ज्यांच्या हाताखाली आपल्यातल्या निम्म्यांनी मराठी गिरवले, पेन्शनच्या फरकाची आलेली सगळी रक्कम आणून दिली आणि नाव छापायचे नाही म्हणून बजावले. ते आम्ही पाळतो आहोत, पण बाई, सगळ्यांना ठाऊक आहे. डोंबिवलीच्या चाकरमानी मंडळींनी घरोघरी फिरून चांगल्या स्थितीतली पुस्तके गोळा केली, बायंडिंग सुटलेली शिवून घेतली आणि खोकी भरून पाठवली. सांगलीच्या एका ग्रंथविक्रेत्याने तर स्वतः पुरात असताना आपला वाचलेला माल अर्धा-अर्धा वाटून घेऊ असा निरोप धाडला. रिक्षावाल्या बंधूंनी स्टेशनवरून पार्सले आणण्याचे भाडे कितीतरी दिवस घेतले नाही. या सगळ्यांच्या जिवावर २०२२ च्या जूनमध्ये शाळांच्या पुस्तकपेट्या पुन्हा निघाल्या. वाड्यावस्त्यांवरच्या शाळांना पेटी देऊन तीन महिन्यांनी बदलायची ही योजना मंडळाने त्यानंतर एकदाही खंडू दिली नाही.

१८६४ पासून लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारखे वाचनालय जपणारे हे गाव. २०१३ च्या जानेवारीत ८६वे साहित्य संमेलन इथे भरले, तेव्हा ग्रंथप्रदर्शनात झालेली गर्दी आपण डोळ्यांनी पाहिली आहे. अशा गावात पुस्तकांचे दुकान पैशाअभावी रिकामे दिसावे हे मनाला लागते. थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. गेल्या वर्षीच्या आवाहनाला हात जोडल्याची चिन्हे शेकड्याने आली, मदत मात्र बोटांवर मोजण्याइतक्यांची. दुकानात पुस्तक चाळून, मुखपृष्ठाचा फोटो काढून वीस टक्के सवलतीसाठी ते बाहेरून मागवणारे आपलेच लोक आहेत. एका संस्थेने बक्षीस समारंभासाठी पुस्तके उधारीवर नेली, त्याचे बिल अजून आलेले नाही. आम्ही मागायला जातो तेव्हा "बघू" म्हणतात. दुकान चालवणारे सगळे आपापल्या नोकऱ्या-धंदे सांभाळून हे करतात, त्यांनाही कधीतरी थकवा येतो.

आता मुद्द्याचे. एकूण तीन लाख हवेत : दोन लाख मालासाठी (आरतीसंग्रह, मुलांची पुस्तके, दिवाळी अंकांची आगाऊ रक्कम), एक लाख पोटमाळा आणि उंच रॅकसाठी, कारण पावसाळ्यात इशारा आला की खालच्या चार फळ्या रिकाम्या करून माल वर न्यावा लागतो आणि वर जागा नाही. देणगी कितीही चालेल, फूल ना फुलाची पाकळी, पावती मिळेल. देणगी द्यायची नसेल तर आगाऊ खरेदी करा : १,०००, २,५०० किंवा ५,००० रुपये आता भरा, तेवढ्याची पुस्तके ३१ मार्चपर्यंत केव्हाही न्या, प्रत्येक खरेदीवर दहा टक्के सवलत. यात तुमचे काही जात नाही आणि आम्हाला रोकड मिळते. एका शाळेची पेटी ३,००० रुपयांत प्रायोजित करता येईल. बक्षिसांची पुस्तके घेणाऱ्या शाळा-संस्थांनी यंदा मागणी ऑगस्टअखेर आणि निम्म्या रकमेसह द्यावी. रक्कम १५ ऑगस्टपर्यंत पोहोचली तर गणपतीचा माल वेळेत उचलता येईल. खाते क्रमांक व क्यूआर दुकानातल्या फळ्यावर आहे, बाहेरगावच्यांनी मंडळाच्या कोणत्याही सदस्याला विचारावे. चेक मंडळाच्या नावाने. रोख दिल्यास पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. दुकान सकाळी १० ते १, दुपारी ४ ते ८, सोमवारी बंद. हिशेब दिवाळीनंतरच्या सभेत मांडला जाईल.

आपला नम्र,
कार्यवाह (मंडळाच्या कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. : पोटमाळा होईपर्यंत इशारा आल्यावर माल वर चढवायला दहा-बारा जणांची यादी करत आहोत. बाजारपेठेजवळ राहणाऱ्या तरुणांनी आपला नंबर ताईंकडे देऊन ठेवावा. रात्री-अपरात्री फोन येईल, ही तयारी असावी.